डोलकाठीच्या बुडाशी बसवलेला प्लग

मी मालाडला इन्व्हर्टरच्या दुकानात काउंटरवर बसतो. इन्व्हर्टर विकतो, वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मारतो, बस्स. पण गोराईच्या आमच्या घरात याचा अर्थ असा लावला गेला आहे की मला विजेतलं सगळं कळतं. मिक्सर बंद पडला की वहिनी तो माझ्या पिशवीत कोंबते. मी तो बोरिवलीला माझ्या घरी आणून नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याला देतो आणि पुढच्या रविवारी मोठ्या रुबाबात परत नेतो. इथवर झकास चाललं होतं. पण होडीचा प्लग बोरिवलीला आणता येत नाही.

होडी बाबांची. शिडाची, मागाहून इंजिन बसवलेली. आता ती कुठे जात नाही, घरासमोर खाडीत नांगरून असते. दादा रिसॉर्टची गाडी चालवतो, वहिनी बाजारात मासळी घेऊन बसते आणि मी हा असा. तरी होडी विकायचा विषय कोणी काढत नाही, कारण तिच्या डोलकाठीवरचा दिवा.

आमच्या घरात पूर्वीपासून एक रीत होती. संध्याकाळी होडी परत येताना बाबा डोलकाठीवरचा दिवा लावायचे. तो दिसला की आई चुलीवर भाताचं आधण ठेवायची. होडी लागून माणसं वर येईपर्यंत भात तयार. आई गेली. बाबांचं होडीवर जाणंही थांबलं, आणि हळूहळू त्यांच्या डोक्यातल्या एकेका गोष्टीने नांगर उचलला. आता संध्याकाळी ते आईच्या जागी, उंबऱ्यावर बसतात आणि खाडीकडे बघतात. दादाने होडीवर जाऊन लावलेला दिवा दिसला तर जेवतात. नाही दिसला तर ताटाला हात लावत नाहीत.

"होरी आयली का रं?"

"आयली बाबा. ती काय समोर हाय."

"दिवा नाय दिसत. नाय आयली."

दादाने एकदा वैतागून सोलरचा दिवा आणून वर बांधला. पांढराफटक उजेड. बाबांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "ती आपली नाय." त्यांना तोच जुना पिवळा बल्ब लागतो. आणि त्या बल्बची सगळी भिस्त डेकवरच्या त्या प्लगवर.

पावसाळ्यात होड्या वर ओढतात, डोलकाठी उतरवून ठेवतात. म्हणून दिव्याची तार सलग ठेवून चालत नाही. काठीतून उतरलेली तार तिच्या बुडाशी, डेकवरच्या प्लगात खोचायची, खाली फळीखाली बॅटरी. प्लगला झाकण, झाकणाला रबराची रिंग. पाणी आत जाऊ नये म्हणून एवढी तयारी, आणि तरीही पाणी जातं. लाटेचं जातं, दवाचं जातं, नुसत्या खाऱ्या हवेचंसुद्धा जातं. पितळेच्या पिनांवर हिरवं चढतं, तार आतून काळी पडते. मग मी सुरीने पिना खरवडतो, काळी तार कापून मागची तांबूस तार सोलतो, व्हॅसलीन चोपडतो, तारेला थोडा झोल ठेवतो, म्हणजे पाणी तारेवरून प्लगात न जाता झोलावरून खाली ठिबकेल. दर वेळी तार बोटभर आखूड होते. तो झोलही आता जेमतेम उरलाय.

बाबांना पावसाळ्यातलं मात्र कळायचं. होड्या वर असेपर्यंत ते दिव्याचं नाव काढायचे नाहीत, मुकाट जेवायचे. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली की पुन्हा उंबरा, पुन्हा दिवा.

या वर्षी मी आधीच्या रविवारी जाऊन सगळं चोख करून आलो होतो. नवी रिंग, ताजं व्हॅसलीन. पौर्णिमेला बायकोला घेऊन पोचलो तर होडी रंगवलेली, पताका लावलेल्या, आणि प्लगचं झाकण उघडं. आत दोन्ही पिनांवर हळद-कुंकू. वरून नारळाचं पाणी.

"वहिनी, हे कोणी केलं?"

"मी. पूजा केली ना! पुढे नाळेला लावलं, मागे सुकाणूला लावलं, इंजिनाला लावलं. त्याचंच तोंड बंद ठेवायचं का? बाबा जेवतात ते त्याच्याच जिवावर ना, भावोजी?"

झाकण पाणी आत न येण्यासाठी असतं हे मी तिला समजावू लागलो, तर दादा म्हणाला, "ए इंजिनिअर, लेक्चर नको. दिवा पेटव. दिवस मावळायला आलाय."

मी डेकवर मांडी घातली. कुंकू व्हॅसलीनमध्ये कालवलं जाऊन त्याचा लगदा झाला होता. बायकोच्या रुमालाने पुसलं, तिने जो कटाक्ष टाकला तो अजून मिटलेला नाही. पिना खरवडल्या. नारळाचं पाणी तारेतही शिरलं होतं, म्हणून तार पुन्हा कापली. उरलीसुरली ताणून जेमतेम खोचली. झोल संपला. झाकण दाबलं. वरचा पिवळा बल्ब एकदा फडफडला आणि लागला.

काठावरून वहिनी ओरडली, "लागला, लागला!" आणि आधण ठेवायला आत पळाली. मी गुडघ्याएवढ्या चिखलातून, हाताला लाल-पिवळा चिकटा घेऊन, एखादं मोठं मैदान मारल्यासारखा उंबऱ्याशी आलो.

"बाबा, बघ. दिवा."

बाबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कोनाची होरी ती?"

"आपली बाबा. तुजी."

"माजी?" ते माझ्याकडे पाहून हसले, घरी आलेल्या पाहुण्याकडे पाहून हसावं तसं. "मला कुटली होरी?"

आत भाताला कढ आला होता. दादा आत जाऊन उगाच भिंतीवरचं घड्याळ सरळ करत बसला. वहिनीने ताट आणून ठेवलं आणि बाबा लगेच जेवायला लागले. खाडीकडे त्यांनी पुन्हा मान वळवली नाही. किती वर्षं आम्हाला हेच हवं होतं, दिव्यासाठी न अडता त्यांनी जेवावं. ते जेवत होते, आणि आता ताटाला हात लावत नव्हतो ते आम्ही.

त्यानंतर पुढच्याच शनिवारी दादाचा फोन आला. "दिवा बंद पडलाय. तू येऊ नको. विचारत नाय ते."

मी "बरं" म्हणालो. रविवारी सकाळी बोरिवलीच्या धक्क्यावरून गोराईच्या फेरीबोटीत बसलो तेव्हा खिशात रबराची नवी रिंग होती, व्हॅसलीनची डबी होती, आणि दुकानातून आणलेली, हात पसरून मोजलेली वाव-दीड वाव नवी तार. घरून निघताना बायकोने विचारलं होतं, "आता कशाला?"

मी चपला पायात सरकवल्या. रुमाल तेवढा माझा स्वतःचा घेतला होता.