वडखळचा खोळंबा

आमच्या रोह्याच्या कंपनीत नवी औषधं आधी उंदरांवर तपासायचे. कुठल्या उंदराला औषध कधी, खाणं कधी, वजन कधी, हे सगळं जुळवून आणणारा गृहस्थ पेणचा. मी कंपनीची जीप चालवायचो, त्यामुळे त्याच्या शिस्तीतून आपण सुटलो असं मला वाटायचं. पण हॉर्न वाजला की तो खिडकीत हजर.

"हळू रे बाबा, मंडळी झोपलीत."

मंडळी म्हणजे उंदीर. आम्हाला त्याने कधी मंडळी म्हटलं नाही.

घरी त्यांचा गणपतींचा कारखाना होता. गणपतीचे डोळे थोरला भाऊ काढायचा आणि पायाशी बसलेल्या उंदरांचे हा. "ते मोठं काम," म्हणायचा, "आपल्याकडं उंदरांचं खातं."

प्रयोग संपला की उंदीर मारून आतून तपासायचे आणि त्यासाठी मुंबईहून डॉक्टर यायचे. एका वर्षी नव्याने आलेल्या साहेबांनी तो दिवस नेमका गणपतीत धरला. आमचा माणूस कान खाजवत उभा राहिला.

"साहेब, गणपतीत डॉक्टरांची गाडी हायवेला वडखळच्या गर्दीत अडकते. विसर्जन होऊन जाऊ दे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टर दर खेपेला रेल्वेने यायचे आणि रोहा स्टेशनवरून त्यांना मीच जीपने आणायचो.

"व्हय साहेब," मी म्हटलं, "वडखळला गाडी हलतच नाय."