फ्रँकलिनच्या यादीत आई

आमच्या तालुक्याच्या गावी घरोघरचे फॉर्म मी भरायचो. घराण्यातला पहिला पदवीधर. गुरुजींनी शिकवलं, त्याची परतफेड मी अशी करत होतो. रेशन, पेन्शन, मतदारयादी. पुढे परदेशात आलो, इथल्या टाकानिनीच्या घरी मतदार नोंदणीचं पाकीट आलं, तेव्हाही पेन माझ्याच हातात.

वडील गेल्यावर आई व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आली होती. "माझंपण नाव घाल," ती म्हणाली. "यादीत नाव नसलं की माणसाला मेलेलं धरतात."

तिच्या नावाचा फॉर्म मी भरला, सवयीनं, न वाचताच चौकटीत टिक केली. तिनं सही केली. पाकीट पोस्टात पडलं.

शनिवारी लायब्ररीत आमच्या भागाच्या जुन्या मतदारसंघाचा, फ्रँकलिनचा, इतिहास वाचत बसलो. त्यात ब्रिटिश अमदानीतली मतदारयादी होती. प्रत्येक नावापुढे गाव, आणि मताचा हक्क कशामुळे ते: मालकीची जमीन, भाडेपट्टा, घर. बायकांची नावं नाहीत. इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी ज्यांची जमीन साऱ्या जमातीची मिळून, तेही बहुतेक यादीबाहेर, आपल्याच जमिनीवर राहून.

हक्क कशामुळे? मग आईचा कशामुळे?

व्हिजिटरला इथे मत नसतं. मी टिक केली ती चौकट नेमकी तीच होती: मी इथली कायम रहिवासी आहे. खाली आईची सही. तिच्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज नुकताच गेलेला. खोटं लिहिलं म्हणून तिला परत पाठवलं, तर गावच्या बंद घरात ती एकटी काय करणार?

सोमवारी पेनरोजला, मी कामाला असतो त्या कारखान्याच्या पार्किंगमधून नोंदणी ऑफिसला फोन केला.

"पत्र पाठवा, नाव काढू. स्वीट ॲज," पलीकडच्या बाई म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'काही हरकत नाही'.

"हे व्हिसावाल्यांना कळेल?"

"ते मला नाही सांगता येणार."

संध्याकाळी पत्र आईपुढे ठेवलं.

"आता हे कसलं?"

"यादीतून नाव काढायचंय, आई. चूक माझी आहे."

"जिवंतपणी?" ती हसली. मग माझं तोंड पाहून थांबली. "मला परत धाडतील का रे?"

"नाही," मी म्हणालो. तेही न वाचताच टिक केल्यासारखं.

तिनं चष्मा लावून सावकाश सही केली. व्हिसाचं उत्तर अजून आलेलं नाही. माझा फोन वाजला की हातातलं काम ठेवून ती माझ्याकडे बघत राहते.