कातरलेला राखणदार

दिराचा मुलगा फौजेत आहे. जम्मूकडून सुट्टीवर येताना तो बकरवाल जातीचं एक पिल्लू घेऊन आला. तिकडचे मेंढपाळ कळप राखायला ही कुत्री पाळतात; आता फार थोडी उरलीत म्हणे. हिमायतनगरच्या आमच्या पट्ट्यात असलं जनावर कुणी पाहिलेलंच नव्हतं. गावानं त्याला अस्वल म्हटलं, मेंढा म्हटलं, गोधडी म्हटलं. लोकांनीच एवढी नावं ठेवल्यावर आम्ही वेगळं ठेवलं नाही. 'अरे' म्हटलं की येतो.

पहिल्या दिवशी मी त्याला उचलून घरात न्यायला निघाले, तर आमची मेंढरं कातरायला येणारे धनगर मामा म्हणाले, "अक्का, घरात घेतलं की घरचं व्हतं. मेंढरात सोडा." म्हणून तो मेंढवाड्यातच वाढला, शेळीचं दूध पिऊन, मेंढ्यांच्या पाठीला पाठ लावून. मोठा झाल्यावर ओढ्याकडून येणारे लांडगे त्याच्या नुसत्या आवाजानं मागं फिरायला लागले. तेव्हापासून आमचं एक कोकरू गेलं नाही. त्याचं करावं मात्र लई लागतं. गोचिडं वेचा, पंजातले काटे काढा, दुधात भाकरी कुस्करा. मला ते आवडतं. घरातल्या माणसांना वाढलं की कुणाला मीठ कमी लागतं, कुणाला तिखट जास्त. हा ताट चाटून पुसून ठेवतो.

गेल्या वर्षी होळीनंतर मामा कातर घेऊन आले. मेंढ्या एकेक करून हलक्या होऊन उठत होत्या आणि हा बाजूला बसून धापा टाकत होता. अंगावर केसांचं एवढं ओझं, वर ते ऊन. माझा जीव कळवळला.

"मामा, याचं बी काढा की."

"अक्का, हे काय मेंढरू हाय?"

"उन्हानं मरून राहिलंय ते. काढा म्हणते ना!"

माझ्यापुढं मामांचं काही चाललं नाही. पोतंभर केस निघाले आणि खाली उरला एक लांबट, गुलाबी, ओशाळलेला प्राणी. आमचे मालक विहिरीवरच्या मोटारीचं सामान आणायला नांदेडला गेले होते. संध्याकाळी आले ते फाटकातच थबकले. "हे कुणाचं कुत्रं घुसलंय?"

मी हसले. पण तो नेहमीसारखा मेंढवाड्यात शिरला आणि सगळा कळप एका अंगाला काट्यांच्या कुंपणावर जाऊन आदळला. दोन मेंढ्यांना काटे लागले. तो जरा थांबला, पुन्हा पुढं झाला; त्या पुन्हा उधळल्या. शेवटी तो बाहेर येऊन लिंबाखाली बसला. त्या दिवशी त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "काकू, त्या केसांनीच तर ऊन अडतं. आता सावलीत ठेवा, खोबरेल लावा." करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी खोबरेल लावत बसले. मेंढवाड्यातल्या जुन्या लेंड्या, लोकर, जे हाताला येईल ते त्याच्या अंगावर चोळलं. त्यानं मुकाट्यानं चोळून घेतलं. मेंढ्या तरीही पळाल्याच.

चौथ्या दिवशी ओढ्यात लांडग्यांचे माग दिसले. मालक म्हणाले, "कळप याला जवळ येऊ देईना, मग राखण कशी व्हायची? लातूरची बहीण कवाची मागून राहिली, बंगल्यावर ठेवायला. आठ दिवस बघू, न्हाई तर पाठवून देऊ." बंगल्याच्या फाटकाला साखळीनं बांधलेला तो मला डोळ्यांसमोर दिसायला लागला, आणि हे मी माझ्या हातानं करून ठेवलं होतं.

सातव्या दिवशी भर दुपारी एक मेंढी व्याली. कोकरू उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि आईला सोडून भलत्याच दिशेनं धडपडत निघालं, कुंपणाच्या फटीतून थेट लिंबाखाली. या कुत्र्याला कधीकाळी केस होते हे त्याला कुठून ठाऊक असणार! ते त्याच्या पोटाशी आचळ शोधायला लागलं. तो हलला नाही. मान जमिनीला टेकवून नुसता पडून राहिला, डोळे तेवढे माझ्याकडं लावून.

मी मेंढवाड्याचं फाटक उघडलं तशी मेंढी धावत आली. दोन हातांवर थांबली, पाय आपटला. कोकरू काही उठेना. मग ती मुंडी खाली घालून पुढं झाली आणि कोकराला चाटायला लागली. चाटता चाटता तिची जीभ कोकरावरून कुत्र्याच्या उघड्या पाठीवर गेली. तिनं ती मागं घेतली नाही. दोघांनाही सारखंच चाटत राहिली.

मला रडू आवरेना. पदरानं डोळे पुसत मी मालकांना हाक मारली. "अहो, लातूरला फोन करा. कुत्रं मिळायचं न्हाई म्हणावं."

मालक बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. "ते मी परवाच सांगून टाकलं," म्हणाले. "मेंढरानं ओळखलं न्हाई म्हणून काय आपण बी ओळखायचं न्हाई?"