बुटासाठी घ्यायचा चाकू

जंगल खात्यात गार्ड म्हणून लागलो आणि मला सरकारी बूट मिळाले. घोट्याच्या वर चढणारे, जाड तळव्याचे आणि मला एक बोट मोठे. आमच्या घरी सगळी धानाच्या बांधीत राबणारी माणसं. चिखलात बूट कोण घालतो? त्यामुळे आमच्या घराण्यातले हे पहिलेच बूट, आणि त्यांचा मला भलताच तोरा होता. जेवताना काढून ठेवले तरी नजर त्यांच्यावर असायची.

शेजारच्या चौकीवर एक गार्ड होता. तो ब्रह्मदेशातल्या लढाईतून परत आलेला. उजव्या बुटात, पोटरीला लागून, तो एक सरळ पात्याचा चाकू ठेवायचा. घडीचा चाकू कामाचा नाही, असं त्याचं ठाम मत. हवा तेव्हा उघडत नाही आणि नको तेव्हा बोटावर मिटतो. त्याचा तो चाकू पाहिल्यापासून माझे बूट मला रिकामे वाटू लागले.

त्याच सुमारास बायको दिवाळीला माहेरी गेली ती परत आली नाही. आमचं लग्न वैशाखातलं. पाच महिने ती माझ्यासोबत चौकीच्या घरात राहिली होती. मी दोनदा निरोप धाडला. सासऱ्यांचं उत्तर आलं की पोरगी येते म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मी वरवर चिडलो. पाठवायचं नसेल तर राहू द्या, असं चारचौघांत बोलूनही गेलो. खरं सांगायचं तर मला तिच्यावाचून करमत नव्हतं. भात शिजवताना मी तिच्यासाठीही मूठभर टाकायचो, आणि मग तो सकाळी एकट्याने खायचो.

शेवटी शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत गाठ पडली. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचंच, मासेमारी करणाऱ्यांचं. सासरे मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तिले भेव लागते."

एवढं ऐकलं आणि माझी छाती फुगली. भीती कशाची, हे विचारायची मला गरजच वाटली नाही. मी जंगलात एकटा फिरतो, वाघ आहे, अस्वल आहे, म्हणजे माझ्या जिवाची काळजी तिला खाते आहे, असं मी ठरवून टाकलं. उपायही तयारच होता. बुटात चाकू दिसला की तिला धीर येईल आणि ती मुकाट्याने घरी येईल. सासऱ्यांना चाकूचं सांगितलं तर ते म्हणाले, पोरीलाच घेऊन जा. घरी मासोळ्या तीच कापते, लोखंड तिला कळतं.

लोहारांची पालं नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर होती. बायको माझ्यामागे दोन पावलं अंतर ठेवून चालत होती, आणि मी मान मागे वळवून तिला बुटांचं सांगत होतो. खिळे कसे मारलेत, पाणी कसं आत येत नाही. आत येत होतं, पण ते असो.

मला पहिल्याच पालात पितळी मुठीचा एक चाकू आवडला. दोन्हीकडून धार, वीतभर पातं, ऊन पडलं की लखलख. किमतीतही घासाघीस करून जमण्यासारखा होता. तिने तो उचलला, लोहाराच्या घमेल्यातल्या पाण्यात हात बुडवला आणि ओल्या हातात धरून पाहिला. मूठ गर्रकन फिरली. मासे कापणारी माणसं मूठ अशीच पारखतात, हे मला तेव्हा कळलं. मग तिने दुसरी धार दाखवली.

"बुटात तुमचा पायबी राह्यते ना?" ती म्हणाली.

लोहार हसला. मीही हसलो, पण कान गरम झाले होते. त्याने मग एक साधा चाकू चटईवर ठेवला. मोटारीच्या कमानपाट्याचं लोखंड, एका बाजूने धार, पाठ जाड. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आणि तीन खिळ्यांनी पक्कं केलेलं. मूठ लाकडाची, खरखरीत. पितळीपेक्षा निम्म्यात येत होता. माझ्या हातात तो असा बसला की मी लगेच बुटात घालून पाहणार होतो. तिने तो माझ्या हातून घेतला, ओल्या हाताने धरला आणि खाली ठेवला. याच्याहून लहान आहे का, असं तिने लोहाराला विचारलं.

भाऊच्या पंजाला लहान पडेल, असं लोहार म्हणाला.

"भाऊच्या नाई," ती म्हणाली, "माह्या हातात बसला पायजे."

मला वाटलं, मासे कापायला घेत असेल. तिने बारीक मुठीचा एक निवडला, म्यानात घातला आणि नऊवारीच्या ओच्यात कमरेपाशी खोचला. मी पैसे दिले. पालाबाहेर आल्यावर मी विचारलं, हा कशाला?

ती नदीकडे बघत बोलली. "तुमी फिरतीवर जाता. तीन तीन दिस मी एकटीच राहतो. लाकडाच्या ठेकेदाराची मानसं येतात. गार्ड घरी नाई म्हनलं तरी दारातून हालत नाईत. दाराची कडी हात लावला का निघते. वाघाचं मले काई भेव नाई."

कोण, नाव सांग, एकेकाला बघतो, असं काहीबाही मी बोलू लागलो.

"नाव सांगून काय करता? तुमी घरी कुठी असता?"

मी विचारलं, "मले पयले काऊन नाई सांगितलं?"

"दोनदा सांगाले आलतो," ती म्हणाली. "तुमी बुटाचं सांगून राह्यले होते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. आम्ही काठावरच्या दगडावर बसलो, आणि ती त्या पाच महिन्यांचं सगळं सांगत गेली. कोण आलं, काय बोललं, दाराला पाठ लावून ती किती वेळ उभी राहिली. मी एकदाही मध्ये बोललो नाही. तिच्याकडे बघायचीही लाज वाटत होती. तरी मी तिचा हात धरला, भर जत्रेत, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

सासरे शोधत आले. चाकू घेतला का, असं त्यांनी विचारलं. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "घेतला. बाबा, मी उद्या यांच्यासंग जातो."

आधी दाराला एक मजबूत कडी घ्यायची आहे, असं मी म्हणालो.