कुत्र्याच्या बंडीबाबत

अर्जदार : दुबईच्या खाडीकाठी, कस्टमच्या फाटकासमोर टेबल मांडून अर्ज, पत्रे व पार्सलांचे पत्ते लिहून देणारा इसम. मूळ राहणार रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यावरचे एक गाव. वय चाळिशीपुढे. शिक्षण मराठी सहावी. पुढील सर्व स्वतःच्या हिमतीवर.

ज्याच्या वतीने अर्ज केला तो : त्याच गावचा टेलर मास्तर, हल्ली राहणार दुबई.

साक्षीदार : पहिला, गलबतावरून निवृत्त झालेला तांडेल, आमच्याच मोहल्ल्यातील. दुसरी, व्हिएन्ना शहराकडे जाणारी एक वृद्ध बाई, ठावठिकाणा अज्ञात. तिसरा, तिचा कुत्रा, ज्याची जबानी घेता येत नाही.

घटनेची वेळ व ठिकाण : हिवाळा, जुहरच्या म्हणजे दुपारच्या नमाजाची वेळ, युरोपातील एक रेल्वे जंक्शन.

प्रतिवादी : कोणीही नाही.

प्रतिवादी नसलेला अर्ज मी माझ्या उभ्या हयातीत हाच एक लिहिला. नावे दिलेली नाहीत, कारण आमच्या बंदरात माणसाला त्याच्या पेशानेच हाक मारतात. मी मुन्शी, तो मास्तर, तिसरा तांडेल. एवढ्यावर आमची पत्रे गावाहून बिनचूक पोहोचतात.

मास्तरच्या डाव्या डोळ्यात फूल पडून तो डोळा पूर्वीच गेला होता. पुढे उजव्याही बुबुळावर पांढुरके ढग येऊ लागले. ज्या अरबाबच्या, म्हणजे अरब धन्याच्या, घरची सारी शिलाई मास्तर करीत असे, त्या अरबाबने स्वतःचे डोळे व्हिएन्नाच्या एका दवाखान्यात दाखवले होते. त्याने मास्तरचा खर्च उचलला आणि तेथील डॉक्टरांकडून दिवस ठरवून आणला. मृत माणसाचे स्वच्छ बुबुळ काढून जिवंताच्या डोळ्यावर बसवतात, अशी ती विद्या आहे. डॉक्टरांची अट एकच होती : रुग्ण ठरल्या दिवशी हजर पाहिजे. नसेल तर बुबुळ रांगेतील पुढच्या माणसाला जाईल, आणि पुन्हा दिवस केव्हा मिळेल ते सांगता येणार नाही. मास्तरच्या हातावर बायको, चार मुली आणि गावाकडची म्हातारी आई जगत होती. डोळा गेला म्हणजे सुई गेली, आणि सुई गेली म्हणजे खलास.

विमानात डोळ्यावर दाब येतो असे मास्तरच्या मनाने घेतले होते. म्हणून आम्ही आगबोटीने बसऱ्याला उतरलो आणि तेथून आगगाडीने बगदाद, इस्तंबूल व पुढे असे निघालो. तांडेल दिशा ओळखण्यासाठी आणि मी कागदपत्रांसाठी. तिघांचे पासपोर्ट, तिकिटे, डॉक्टरांचे पत्र, सर्व माझ्या चामडी पिशवीत असे व ती पिशवी माझ्या मांडीवर असे. कागद एका हाती असले म्हणजे जबाबदारीही एका हाती राहते.

युरोपातील गाडीविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे गाडी निघते ती सगळी एका गावाला जाते. तेथे एकाच गाडीचे काही डबे एका देशाला, तर काही दुसऱ्या देशाला जातात. जंक्शनवर ते सोडवतात आणि निरनिराळ्या इंजिनांना जोडतात. डब्याच्या अंगावर गावाची पाटी असते, परंतु ती बाहेरून. आत बसलेल्या परदेशी माणसाला ही गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नाही.

आमचा खण बहुधा रिकामाच राही. तांडेलच्या बायकोने सुक्या बांगड्याचा डबा भरून दिला होता आणि तांडेल तो दर जेवणाला उघडी. लोक दार सरकवीत, आत डोकावत आणि अदबीने दार पुन्हा लावून घेत.

“बघ मुन्शी,” तांडेल म्हणे, “पहिल्या वर्गाचं तिकीट न काढता पहिल्या वर्गाची जागा. अरबाबाला सांग, पुढच्या खेपेला फक्त बांगडे द्या.”

आणि त्याच वासाने तो कुत्रा आला. राखाडी रंगाचा, आखूड पायांचा, अंगात लाल लोकरीची बंडी. मागून त्याची मालकीण, पांढऱ्या केसांची बाई, हातात विणकाम. ती हसून समोर बसली. कुत्रा तांडेलच्या डब्यासमोर बसला.

आम्ही शाफई पंथाचे. कुत्र्याचा ओला स्पर्श झाला तर तो भाग सात वेळा धुवावा आणि त्यातील एकदा मातीने, असे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. मास्तर या बाबतीत फार कडक. त्याने पाय बाकावर घेतले आणि जुहरची वेळ होईपर्यंत तसाच मांडी घालून बसला.

“तांडेल, मक्का कुठल्या तोंडाला?”

तांडेलने खिशातील होकायंत्र काढून खिडकीशी धरले. “इंजिनाकडं पाठ कर आणि जरा डाव्या खांद्यावर वळ. पण इथं कशी पढणार? हा हबीबी बसलाय ना.”

“मागच्या डब्यात जागा आहे. सकाळी बघून आलोय.”

“तुला दिसलं?”

“चाचपून बघितलं. जागा बघायला डोळे कशाला लागतात?”

तो गेला. थोड्या वेळाने गाडी जंक्शनवर थांबली. धक्के बसले, साखळ्या वाजल्या. मी पिशवी उघडून कागद तपासीत होतो. एकाएकी बाई विणकाम टाकून उभी राहिली, खिडकीतून मागे पाहिले आणि मास्तरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून तिच्या भाषेत काहीतरी ओरडली. मी बाहेर डोके काढले. आमच्या गाडीचे मागचे डबे दुसऱ्या इंजिनामागून उलट दिशेने निघाले होते. मास्तर त्यात होता. जवळ पासपोर्ट नाही, तिकीट नाही, नीट दृष्टी नाही. आणि पुढे हद्द.

“या अल्ला,” तांडेल म्हणाला. त्यानंतर बराच वेळ तो एकही थट्टा बोलला नाही.

आम्ही सामानासह खाली उतरलो. बाईदेखील उतरली, स्वतःची पेटी व कुत्रा घेऊन. आमची गाडी थांबणार नव्हती हे तिला कळत होते, तरी ती उतरली. उतरताच तिने कुत्र्याचा पट्टा माझ्या हातात दिला आणि स्टेशनमास्तरच्या खोलीकडे धावली. ओळखपाळख नसलेल्या माणसासाठी कोणी आपली गाडी सोडलेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

तोंडी तक्रारीस लेखी आधार नसेल तर ती हवेत विरते, हा माझ्या धंद्यातील अनुभव. म्हणून मी बाकावर बसून इंग्रजीत अर्ज लिहावयास घेतला. मजकुरात माणसाचे वर्णन, टोपी, दाढी, कोटाचा रंग, डोळ्यांची स्थिती, सर्व क्रमाने घातले. तेवढ्यात सामानाची हातगाडी जवळून गेली, कुत्रा दचकला, आणि गाडीच्या खिळ्यात अडकून त्याची लाल बंडी खांद्यापासून शेपटीपर्यंत फाटली. बिचारा भिऊन माझ्या मांडीवर चढला आणि त्याने माझा हात चाटला. अर्ज पुरा झाला तेव्हा स्टेशनमास्तर फोनवर बोलत होता आणि बाई त्याची बाही धरून उभी होती. मी अर्ज दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला व टेबलावर ठेवला. कागदाचा मान तेथेही राखतात.

मग मी हात धुवावयास गेलो. मातीसाठी फलाटावरील फुलांच्या कुंडीत हात घातला, तेव्हा एक हमाल धावून आला.

“त्याला सांग ना शरियत,” तांडेल म्हणाला. “इंग्रजीत अर्ज दे.”

त्या थट्टेने मला बरे वाटले. तांडेल बोलू लागला म्हणजे वादळ ओसरू लागले, हे गलबतावरचे लोक जाणतात.

दिवस कलला तेव्हा उलट बाजूने एक लहान गाडी आली. रेल्वेच्या एका माणसाने मास्तरला हात धरून उतरवले. पुढच्याच स्टेशनावर त्याला उतरवून घेतले होते, कॉफी पाजली होती व परत पाठवले होते. हद्द पुढेच राहिली.

मी विचारले, “ठीक आहेस ना?”

मास्तर म्हणाला, “तांडेल, एक सांग. मी सजद्यात कपाळ टेकवून होतो आणि डबा उलटा फिरला. माझं तोंड किब्ल्याकडं, मक्केकडं, राहिलं की नाही?”

“तुझं तोंड राहिलं असेल. आमचं पार सुकलं.”

“थट्टा नको. नमाज झाली का?”

“झाली रे बाबा, झाली. इन्शाल्ला कबूलसुद्धा झाली. नाहीतर तू हद्दीपलीकडं असतास.”

मी त्याला घडलेले सर्व सांगितले. बाई उतरली, तिची गाडी गेली, बंडी फाटली. मास्तरने हात पुढे केला. बाईने कुत्र्याच्या अंगातून बंडी काढून त्याच्या हातात दिली. लोकर कोरडी होती. कोरड्याला हरकत नसते. त्याने बोटांनी चीर तपासली, कोटाच्या कॉलरमागे टोचलेली सुई काढली आणि दोरा ओवू लागला. दोरा सुईच्या शेजारून जाई. पुन्हा, पुन्हा. बाई मदतीला पुढे झाली, त्याने मान हलवली. शेवटी सुई कॉलरमध्ये परत टोचून व फाटकी बंडी बाईला देऊन तो म्हणाला, “मुन्शी, तू साक्षीला आहेस. डोळा आला तर त्या डोळ्याचं पहिलं काम हेच. ही मन्नत.”

“कुत्र्याची बंडी?” तांडेल म्हणाला. “अरबाबाचा कंदुरा झगा नाही?”

“अरबाब गाडीतून उतरला नव्हता.”

पुढच्या गाडीने आम्ही चौघे आणि कुत्रा एकाच खणात बसलो. तांडेलने बांगड्याचा डबा उघडला आणि पहिला तुकडा खाली ठेवला. मास्तरने या वेळी पाय वर घेतले, पण अंमळ उशिरा.

ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही व्हिएन्नाला पोहोचलो. दवाखान्याचा माणूस गाडी घेऊन उभा होता. गर्दीत बाईने कुत्र्याचा पुढचा पाय हातात धरून हलवला व आम्हाला निरोप दिला. नावपत्ता विचारावयास हवा होता असे तांडेल आजही म्हणतो. परक्या स्त्रीला पत्ता विचारणे आमच्या रीतीत बसत नाही, असे माझे उत्तर आहे व ते मी बदललेले नाही.

बुबुळ बसले. डोळ्याला टाके घातले होते. पट्टी निघाल्यावर मास्तरने आरसा मागवला, टाके बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाला, “हात साफ आहे डॉक्टरचा. फक्त गाठी जरा मोठ्या मारतो.” तेव्हा आम्हाला कळले की त्याला दिसते.

दुबईला परतल्यावर पुरती नजर स्थिर होण्यास काही महिने गेले. दुकान उघडण्यापूर्वी मास्तरने बाजारातून लाल लोकरी कापड आणले. माप त्याच्या बोटांत राहिले होते. आतून अस्तर, पोटाखाली दोन बंद, खांद्याला जोडशिलाई, तेथेच पूर्वी फाटली होती म्हणून. पहिला दोरा त्याने आमच्या देखत ओवला. एकदाच. तांडेल तेव्हा दारात उभा होता. तो खाडीकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्या बाजाराला सांगत सुटला की मास्तरकडे आता चार पायांची गिऱ्हाइके येतात, यल्ला, रांग लावा.

बंडी तयार आहे. तिला घालणारा सापडत नाही. मास्तरचे म्हणणे असे की शिवून मन्नत अर्धी फिटली, पोहोचल्याशिवाय पुरी फिटत नाही. बंडी दुकानात काचेमागे टांगलेली आहे. कोणी लहान मुलासाठी मागितली तर तो विकत नाही. मी जंक्शनच्या स्टेशनमास्तरांना इंग्रजीत अर्ज पाठवला, उत्तर नाही. पुन्हा पाठवला, तोही गेला तो गेलाच. तेथील अधिकारी बदलला असेल. कोणावर दोष ठेवत नाही. म्हणून हीच हकीकत आपल्या भाषेत, आपल्या माणसांसाठी लिहिली. आपले लोक आता बोटींवर, दवाखान्यांत, शिक्षणासाठी कोठे कोठे जातात.

सबब नम्र विनंती की, हे वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या मार्गाने व्हिएन्नाकडे जात असेल आणि त्याच्या खणात पांढऱ्या केसांची, विणकाम करणारी बाई व तिच्यासोबत आखूड पायांचा राखाडी कुत्रा येऊन बसेल, तर त्याने पाय वर घेण्याची घाई करू नये. प्रथम तिचा पत्ता विचारावा. आमच्या रीतीची अडचण वाटल्यास माझे नाव पुढे करावे. मी ती जबाबदारी येथे लेखी घेतो. कुत्रा हयात नसल्यास तसे कळवावे; बंडी तरीही बाईकडे पाठवण्यात येईल, असे मास्तरने सांगितले आहे. उत्तर दुबईच्या खाडीकाठी, कस्टमच्या फाटकासमोरील मुन्शीच्या टेबलावर द्यावे. अर्जदार शुक्रवार सोडून रोज हजर असतो व उत्तराची वाट पाहत आहे.