शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल

काल दुपारी एका जुन्या संगीत नाटकाला गेले होते. खुर्च्यांना नंबर नव्हते. तिसरी घंटा व्हायच्या आधी एक बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या रुमालाकडे बघत म्हणाल्या, "इथं कुणी आहे का हो?"

"आहेत. चहा प्यायला गेलेत," मी म्हणाले. बाई पुढे सरकल्या.

माझे यजमान नेहमी शेवटच्या घंटेपर्यंत बाहेर चहा पीत उभे राहायचे आणि मी रुमाल टाकून त्यांची जागा धरायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

मी कॉलेजात जुनी नाटकं शिकवते, तीही मनोविश्लेषणाच्या अंगानं. याच नाटकात नायक वडिलांचा निरोप विसरतो. तिथं मुलं हटकून म्हणतात, "मॅडम, विसरला असेल. त्यात काय एवढं?" मी जरा चिडूनच सांगते, नाटकात कुणी उगाच विसरत नाही; जे सोसवत नाही, ते मन दडवून ठेवतं.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. यथावकाश नायक निरोप विसरला आणि सगळं थिएटर हसलं. मला हसू आलं नाही.

रुमाल मी शेवटपर्यंत उचलला नाही.