पोर्चवरच्या बैलांचं वजन

पन्नाशीला आलेल्या माणसानं गुडघ्यांना तेल लावावं आणि मुलांच्या लग्नाचं बघावं, असा आमच्या बारामतीत साधारण संकेत आहे. मी त्याऐवजी कॉम्प्युटरचा क्लास लावला.

सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन मी पंचवीस वर्षं बंगले बांधतो आहे. त्याला लागणारं गणित माझ्या बोटांवर होतं. नऊ बाय बाराचा कॉलम, सहा सळ्या, शंका आली तर आठ. शंका मला बहुधा जमिनीवरून न येता गिऱ्हाइकाच्या स्वभावावरून यायची. भांडखोर माणूस असला की दोन सळ्या जास्त. या पद्धतीनं बांधलेलं माझं एकही घर पडलेलं नाही. हे वाक्य मी इतक्या पंगतींत म्हटलं होतं, की मलाच ते पुराव्यासारखं वाटू लागलं होतं.

अलीकडे मात्र मोठ्या कामाला स्ट्रक्चरल डिझाइनचे कागद लागतात. ते मी पुण्याहून करून आणायचो. पुण्याहून रंगीत चित्रं यायची आणि मी ती गिऱ्हाइकाला अशा चेहऱ्यानं दाखवायचो, की जणू रात्र जागून मीच काढली आहेत. एकदा एका प्राध्यापकानं विचारलं, "हा निळा रंग कशाचा?" मी म्हणालो, "मजबुतीचा." तो निळा कशाचा होता ते मला आजही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी मी क्लासची फी भरली.

क्लास भिगवण रस्त्यावर एका हार्डवेअरच्या दुकानावर होता. विद्यार्थी सगळे कॉलेजातले. शिकवणारी मुलगी माळेगावची, सव्वीस वर्षांची, वडील कारखान्यात. पहिले दोन दिवस ती मला सर म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिनं माझी इमारत पाहिली आणि मी काका झालो.

सॉफ्टवेअरात घर बांधणं तसं सोपं असतं. आधी ओळींची जाळी आखायची, मग मजल्यांच्या उंच्या द्यायच्या, जाळीच्या गाठींवर कॉलम उभे करायचे, त्यांच्यात बीम ओढायचे, वर स्लॅब टाकायचा. गवंडी नाही, पाणी मारणं नाही, उचल मागणारं कुणी नाही. मी मजल्याची उंची आयुष्यभर दिली तशी दिली. दहा. सॉफ्टवेअर मीटरमध्ये होतं. माझा दोन मजली बंगला वीस मीटर वर गेला.

"काका, हे घर आहे का कारखान्याची चिमणी?"

"मी फुटात दिलं होतं."

"त्यानं मीटरात घेतलं. त्याला काय माहीत तुम्ही बारामतीचे?"

चौथ्या दिवशी उंची नीट आली, पण गणित चालवल्यावर सॉफ्टवेअरनं तांबड्या अक्षरांत कळवलं, की ही इमारत स्थिर नाही. सॉफ्टवेअरला जमीन ठाऊक नसते. इथं पाया आहे, हा हलणार नाही, हे एकेका कॉलमखाली आपण सांगावं लागतं. पंचवीस वर्षं पाया खणणारा मी नेमका तोच सांगायला विसरलो होतो. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मीही हसलो, कारण वयानं मोठ्या माणसाला दुसरा उपाय नसतो.

दुसऱ्या आठवड्यात या शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "आता आपापल्या ओळखीचं एक घर घ्या आणि त्याचं मॉडेल करा." मी इंदापूरचा माझ्या बहिणीचा बंगला घेतला. आठ वर्षांपूर्वी तो मीच बांधला होता. नकाशा घरात होता आणि अभिमानही.

या बंगल्याचा कर्ता पुरुष म्हणजे बहिणीचे सासरे, आबा. जुने ऊसवाले, कारखान्याचे सभासद. बांधताना त्यांनी मला एकच अट घातली होती. पोर्चला पुढून कॉलम नको, ट्रॅक्टर वळवताना आडवा येतो. म्हणून मी नऊ फुटांचा पोर्च घरातून नुसता बाहेर काढला होता, दोन बीमवर, पुढं आधार काही नाही. मुलीकडचा माणूस सासऱ्यांना नाही म्हणत नाही. सळ्या किती घालायच्या ते मी आबांच्या स्वभावावरून ठरवलं होतं, म्हणजे बऱ्याच.

पुढं शेजाऱ्यानं आपल्या बंगल्यावर सिमेंटचा गरुड बसवला. पंख पसरलेला, चोच आबांच्या घराकडं. महिन्याभरात आबांनी पोर्चच्या अगदी पुढच्या काठावर सिमेंटची बैलजोडी बसवली, जिवंत बैलांएवढी. त्या दिवशी मी हजर होतो. क्रेन आली होती, हलगी लावली होती, चौकात फ्लेक्स होता. बैल हवेत लटकत वर जाताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. हा भार माझ्या नकाशात नाही, असं माझ्या मनात आलं नाही, कारण माझ्या नकाशात कुठलाच भार नव्हता. नुसत्या सळ्या होत्या.

आता मॉडेल करताना भाराचा प्रश्न आला. भारांच्या यादीत घराचं स्वतःचं वजन होतं, माणसांचं होतं, वारा होता, भूकंप होता. बैल नव्हते. ते आपणच घालायचे होते. मी इंदापूरला फोन लावला.

"अगं, पोर्चवरचे बैल भरीव आहेत का पोकळ?"

बहिणीनं उलट विचारलं, "दादा, तब्येत बरी आहे ना तुझी?"

"सांग ना."

"आबा म्हणतात भरीव आहेत."

"आबा म्हणतात, का आहेत?"

"मी या घरची सून आहे. आबा म्हणतात म्हणजे आहेत. आणि पुढच्या रविवारचं लक्षात आहे ना? सकाळीच या सगळे."

पुढच्या रविवारी भाचीचा साखरपुडा होता. पाहुणे आत शिरताना पोर्चच्या छपरावरून तीसेक जणांनी त्यांच्यावर फुलं टाकायची, असं ठरलं होतं. कल्पना आबांची.

भरीव सिमेंटचा बैल जिवंत बैलाच्या जवळजवळ अडीचपट भरतो. दोघांचे मिळून अडीच टन धरले, काठावर ठेवले आणि गणित चालवलं. पोर्चचे दोन्ही बीम लालभडक झाले, म्हणजे नापास. त्यांवर तीस माणसं घातली. रंग बदलला नाही, लालच्या पुढं सॉफ्टवेअरकडं रंग नसावा. बाईंनी येऊन सगळे आकडे तपासले, फूट आणि मीटरसुद्धा.

"काका, या वेळी तुमची चूक नाही," त्या म्हणाल्या. तेवढ्या दिवसांत मला ऐकायला मिळालेलं हे पहिलं कौतुक, आणि ते मला नको होतं. "म्हणजे मॉडेलमध्ये नाही."

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पाठीला लावून मी दुचाकीवरून इंदापूरला निघालो. सणसरच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आडवा आला. त्याच्यावर गाणी मोठ्यानं लागली होती आणि त्याला पुढं जाऊ देण्याची इच्छा नव्हती. त्यामुळं आबांना काय सांगायचं याचा विचार करायला मला लासुर्ण्यापर्यंत निवांत वेळ मिळाला. जमलं काहीच नाही. बहिणीच्या सासऱ्यांना तुमचे बैल उतरवा म्हणणं हे तुमची पगडी उतरवा म्हणण्यासारखंच. आणि पगडी मागण्याचा हक्क मुलीकडच्यांना नसतो.

आबा पोर्चखालीच बसले होते. बरोबर गरुडवाले शेजारी. साखरपुड्याचा आचारी नुकताच यादी देऊन गेला होता. मी लॅपटॉप उघडून समोर ठेवला.

"ह्ये आमचं घर?" आबांनी चष्मा लावला. "नुसत्या काड्याच दिसत्यात. आन् बैल कुठं हायेत ह्यात?"

"हे दोन बाण खाली आलेत ना आबा, ते बैल."

"बैलाला चार पाय असत्यात. ह्यो येकच बाण?"

"वजन दाखवलंय फक्त."

"किती?"

"दोघांचं अडीच टन."

आबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते शेजाऱ्याकडं वळले. "ऐकलं का? कॉम्प्युटरनं काढलंय. तुमचा गरुड किती भरंल हो?"

शेजाऱ्यांनी मान वळवून आपल्या गरुडाकडं पाहिलं. मी घसा खाकरला. "पण आबा, बीमचा रंग बघा. एवढं वजन असेल, तर रविवारच्या आत बैल उतरवावे लागतील. पोर्चला झेपणार नाही. खाली माणसं असणार, वर माणसं असणार."

आतून येणारी बहीण दारातच थांबली. हातात चहा धरून तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी लहानपणापासून ओळखतो.

शेजाऱ्यांना एकदम उत्साह आला. "भरीव हायेत न्हवं आबा? मग उतरवायलाच पायजेत. लेकरांचा कार्यक्रम हाय. क्रेनचं मी बघतो, तुमी काळजी करू नगा."

"अगदीच पोकळ असते," मी म्हणालो, "तर गोष्ट वेगळी होती."

"पोकळ?" आबा ताठ झाले. "पोकळ बैल आमच्या घराण्यात न्हाय."

मग त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, सावकाश. बशी खाली ठेवून ते उठले. "पाव्हणं, वरची टाकी जरा गळतीया. बघून घेता का? चला." शेजारी उठू लागले तसे म्हणाले, "तुमी बसा. जिना अवघड हाय."

जिना सहा इंची, चढायला सोप्या पायऱ्यांचा होता. मीच बांधलेला.

टाकी गळत नव्हती. आबा तिच्याकडं वळलेही नाहीत. ते थेट पोर्चच्या छपरावर गेले. मी घराच्या भिंतीच्या रेषेवरच उभा राहिलो. त्यांनी डाव्या बैलाच्या पाठीवर बोटानं टिचकी मारली. डब्यासारखा आवाज आला.

"या हिकडं. भ्या नगा. पोटाखाली हात घाला."

मी हात घातला. पोटाखाली चांगलं मोठं भोक होतं. आत जाळी, तिच्यावर बोटभर जाडीचं सिमेंट आणि मधे नुसती हवा. हाताला काहीतरी गोल लागलं म्हणून बाहेर काढलं. टेनिसचा चेंडू.

"ह्यो कुठनं आला?" आबा चकित झाले.

"मला काय माहीत? पण आबा, मग ती क्रेन?"

"क्रेन!" त्यांनी कठड्यावरून खाली पाहून आवाज आणखी उतरवला. "सहा गड्यांनी उचललं आसतं. पर क्रेन आल्याबिगर लोक बघाया थांबत्यात व्हय?"

"खालीच सांगितलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो."

"खाली? त्या गरुडापुढं?" मग थोडं थांबून ते म्हणाले, "नातीचा कार्यक्रम हाय म्हून दावलं. न्हायतर मेलो तरी दावलं नसतं. घरात बी कुणाला ठावं न्हाय. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

मी शब्द दिला. निघताना बहीण फाटकापर्यंत आली. मी मुकाट्यानं चेंडू तिच्या हातात दिला.

"सापडला का?" ती म्हणाली. "दोन दिवस शोधतायत पोरं. उजव्या बैलात बॅट आहे बघ."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळ्या घराला माहीत आहे. आबांना वाईट वाटू नये म्हणून कुणी बोलत नाही. तुझा फोन आला तेव्हा आबा शेजारीच बसले होते, काय सांगू तुला?"

बारामतीला येऊन मी मॉडेल पुन्हा उघडलं. बाईंनी विचारलं, "अडीच टनांचे चारशे किलो कसे झाले?"

"बैल वाळले."

त्यांनी पुन्हा गणित चालवलं. लाल रंग गेला, केशरी आला. मग त्यांनी स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्या आपल्या कॉलेजच्या सरांनाही दाखवलं. ते शनिवारी माझ्याबरोबर इंदापूरला येऊन बीम पाहून, ठोकून गेले. निकाल बाईंचा आणि सरांचा एकच होता. पोर्च उभा राहील, पण काठावर पास आहे. वर गर्दी अजिबात नको. आणि सवड मिळाली की पुढं दोन कॉलम घालून घ्या.

फुलांचा कार्यक्रम रद्द झाला असं आबांना कसं सांगायचं, ही चिंता मला उगीचच पडली होती. रविवारी मी पोचलो तेव्हा जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून आबा स्वतः बसले होते, फेटा बांधून, हातात काठी. जो पाहुणा येईल त्याला सांगत होते, "वर कुणी जायाचं न्हाय. बैलांचं वजन लई हाय. ह्ये बघा, इंजिनेरसायबांनी बारामतीवरनं कॉम्प्युटर आणून सांगितलंय." लोक मान वर करून बैलांकडं आदरानं बघत होते. फुलं खालूनच टाकली गेली. भाचीनं अंगठी घातली, घेतली, पेढे वाटले गेले, आणि पोर्च आपल्या जागी होता.

ऊस गेल्यावर आम्ही दोन कॉलम घातले. ट्रॅक्टर वळायला अडचण झाली, पण आबांनी तक्रार केली नाही. काँक्रीट भरताना येणारा-जाणारा थांबून विचारायचा, धडधाकट घराला टेकू कशाला? आबा नुसती वर काठी करायचे.

कॉलमची फळी काढली त्या दिवशी गरुडवाले शेजारी मला फाटकाबाहेर गाठून बाजूला घेऊन गेले.

"सायेब, त्या कॉम्प्युटरवर आमच्या गरुडाचं बी काढता का?"

"काढू की. भरीव आहे का?"

त्यांनी आबांच्या पोर्चकडं एकदा पाहिलं. "त्ये तुमी ठरवा," ते म्हणाले. "खालनं दोन कॉलम लागतील, येवढं निघू द्या."